बास म्हणेपर्यंत

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. ज्याच्यावर हे गुदरलं तो माझा सख्खा मावसभाऊ. थापा मारणं त्याच्या रक्तात नाही. उलट भुताखेताच्या गप्पा निघाल्या की टिंगल करायला पहिला नंबर त्याचाच असायचा.

असायचा म्हणतोय मी. आता तो विषय निघाला की उठून आत जातो.

वार रविवार. दुपारचे चार वाजायला आले होते. ठिकाण, त्याच्या घराखालचं गॅरेज. बाहेर लख्ख ऊन होतं.

घरात सगळे त्याला पान्या म्हणतात, कारण कळायला लागल्यापासून याच्या हातात पाना. धंदा मात्र घड्याळं दुरुस्त करण्याचा. केसाएवढे स्क्रू चिमटीत धरायचे आणि बसवायचे. सगळं घर त्या दहा बोटांवर चालतं, हे लक्षात ठेवा.

गाडी म्हणाल तर तीस वर्षं जुनी स्पोर्ट्स कार. लालभडक, दोनच सीट, आणि इंजिन सीटच्या मागे. एका काकूंकडून त्याने ती घेतली. त्यांचे मिस्टर वारले होते आणि गाडी आठ वर्षं कापडाखाली झाकून पडली होती. गाडी दारात आली तेव्हा वहिनी म्हणाली, "सवत आणलीत ती आणलीत, निदान तरणी तरी आणायची!"

पान्याने दोन महिने सुट्ट्या मोडून इंजिन उघडलं. आता मुख्य काम उरलं होतं. टायमिंग बेल्ट.

हा एक दातेरी पट्टा असतो. इंजिनातली चाकं एकमेकांशी तालात फिरवतो. चाकांवरच्या खुणा अगदी समोरासमोर आल्या पाहिजेत. एक दात जरी चुकला तरी इंजिनाचा निकाल लागला म्हणून समजा.

काम दोघांचं. एकाने गाडीखाली झोपून कट् कट् वाजणाऱ्या मोठ्या रॅचेट पान्याने इंजिन जरा जरा फिरवायचं. दुसऱ्याने सीट काढून, आत गुडघ्यावर बसून, मागच्या चौकोनी भोकात डोकं आणि हात घालून खुणा बघायच्या. वरचा म्हणणार, "फिरव." खालचा फिरवणार. वरचा म्हणणार, "बास."

खाली नेहमी मेहुणा असायचा. त्या दिवशी साहेबांचा पत्ता नव्हता.

वहिनी माहेरी गेलेली. वारा सुटला होता, आणि उघड्या इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून पान्याने शटर खाली ओढून आतून कडी लावली. गाडी चार लोखंडी घोड्यांवर उचललेली. गॅरेज इतकं अरुंद की गाडीचं दार जेमतेम वीतभर उघडायचं. पोट आत घेऊन आत शिरायचं आणि तसंच बाहेर यायचं.

एकट्याने किती वेळा वर-खाली करणार? खाली जा, रॅचेट फिरव, वर ये, खूण बघ. चुकली. पुन्हा खाली.

दहाव्या खेपेला तो वैतागला. भोकात डोकं घातलेलंच होतं. तसाच ओरडला.

"अरे फिरव की लेका!"

कोणालाच म्हणाला नव्हता तो. नुसती सवय.

आणि खालून आवाज आला…

कट्. कट्. कट्.

चाक हललं.

पान्या खूश! "आलास का रे? किती वेळ लावलास! चल, अजून जरा."

कट्. कट्.

खूण बरोबर समोर येऊन थांबली. थांब म्हणायचीही गरज पडली नाही. मेहुणा आज भलताच शहाणा झालाय, असं त्याला वाटलं. "वा रे पठ्ठ्या!" म्हणत त्याने पट्टा चाकावर चढवायला घेतला. उजव्या हाताची तीन बोटं पट्ट्याच्या आत होती.

तेवढ्यात फोन वाजला. डाव्या हाताने उचलला.

"दाजी, रागावू नका," मेहुणा म्हणाला. "झोप लागली हो. आत्ता निघतोय घरून."

पान्याने फोन कानापासून लांब धरला आणि खाली कान दिला.

"दाजी? ऐकताय ना?"

"तू घरी आहेस?"

"घरीच आहे की. का हो?"

पान्याला आठवलं. शटरची कडी त्याने स्वतः आतून लावली होती.

मग खाली…

कट्.

पट्टा सरकला. तीन बोटं पट्टा आणि चाकाच्या मध्ये ओढली गेली. तो कळवळून ओरडला. हात खेचून बघितला, निघेना. सगळं वजन टाकून खेचला, तरी निघेना.

"ये! लवकर ये! शटर तोड!" एवढंच तो फोनमध्ये ओरडला. मेहुण्याला यायला अर्धा तास तरी लागणार होता.

"थांब! बास! बास!"

कट्.

भोकातून खाली एक फट दिसत होती. तिच्यातून फरशीवर पडलेला उजेडाचा पट्टा दिसला. रॅचेटचा दांडा दिसला. दांडा सावकाश वर जात होता… आणि खाली येत होता.

दांड्याला हात नव्हता.

पान्या सांगतो, त्या क्षणी भीतीसुद्धा वाटली नाही. डोळ्यांसमोर फक्त दुकान आलं. टेबल, भिंग, चिमटा, आणि आपण तिथे नुसते बसलोय. तो रडायला लागला. चाळीस वर्षांचा बाप्या, त्या भोकात तोंड घालून ढसाढसा रडला. कोणाला हाक मारणार? पुढे इंजिन, मागे सीटची चौकट, दार वीतभर, शटरला कडी.

कट्.

आता बोटांची जाणीवच जायला लागली.

या गाडीची माहिती असलेलं दुसरं एकच माणूस त्याला सुचलं. त्याने अंगठ्याने काकूंचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"काकू, गाडी… इंजिन आपोआप फिरतंय… माझा हात…"

कट्.

तो आवाज काकूंनी फोनवर ऐकला. मग एकदम हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "तुम्ही फिरव म्हणालात का?"

"हो."

"अरे देवा. फोन खाली धरा. जमेल तितका खाली."

त्याने फोन फटीशी नेला. काकू बोलल्या. ना मंत्र, ना तंत्र. रोज घरात नवऱ्याशी बोलावं तसं, थकल्या आवाजात.

"अहो, बास. झालं. हात धुवा आणि वर या."

दांडा थांबला.

मग चाक उलटं, अगदी हळू, केसभर मागे गेलं. पट्टा सैल पडला आणि पान्याचा हात बाहेर आला.

बोटं काळीनिळी झाली होती, पण होती. तो पोट आत घेऊन दारातून कसाबसा निघाला आणि शटरपाशी जाऊन बसला. सुजलेल्या बोटांनी कडी निघेना, मग डाव्या हाताने काढली. फोन अजून चालूच होता.

काकू सांगत होत्या. त्याही अशाच वर बसायच्या, आणि मिस्टर खाली. "त्या दिवशी दारावर कोणीतरी आलं. मी उठून गेले. बास म्हणायचं राहिलं हो. ते फिरवतच राहिले, जोर लावून. गाडी घोड्यांवरून सरकली…"

पान्याने विचारलं, "पण आज तुम्ही म्हणालात ना बास. आता सुटले ना ते?"

"तेवढ्याने सुटत असते," काकू म्हणाल्या, "तर मी गाडी विकली असती का?"

मेहुणा आला, शटर उघडलं, गाडीखाली बॅटरी मारून बघितलं. कोणी नव्हतं. खुणा मात्र एकूण एक समोरासमोर होत्या. पान्याला आयुष्यात इतक्या नेमक्या लावता आल्या नव्हत्या.

गाडी घ्यायला कोणी तयार नाही. भंगारवाला आला, शटरच्या आत डोकावला आणि काहीतरी निमित्त काढून निघून गेला. पुढच्या रविवारी चारला कट् कट् पुन्हा सुरू झालं, मग असं ठरलं की दर रविवारी चारला काकूंनी फोन करायचा. पान्याने शटर वर करून फोन गाडीजवळ ठेवायचा आणि लांब रस्त्यावर उभं राहायचं. काकू त्यांचं ते वाक्य म्हणायच्या. आठवडा शांत जायचा. सात महिने हे असं चाललं.

गेल्या रविवारी फोन आला नाही.

पान्याने केला. वाजत राहिला. सोमवारी काकूंच्या शेजारणीने उचलला. काकू शनिवारी झोपेतच गेल्या होत्या.

पान्याने शटरसमोर उभं राहून स्वतः बास म्हणून बघितलं. वहिनीने म्हणून बघितलं. अगदी हात जोडून.

काल त्याचा मला फोन आला. त्याने नुसता फोन शटरला लावून धरला.

मी ऐकलं. अजून कानातून जात नाही.

आता तिथे मध्ये थांबणं नाही. सलग चालू आहे.