दोन चोवीसची उल्का

पेटीत अकरा वह्या निघाल्या. बारावी नव्हती.

रामभाऊ देवस्थळींनी पत्र्याची पेटी उलटी करून दाखवली. "मालिनी कांबळेची वही नाही. म्हणजे ती बाद. उद्या मी सुधन्वाचं नाव जाहीर करतो."

"बाद?" द्रौपदी साळवेचा आवाज चढला. "काल पहाटे पोरीनं माझ्या डोळ्यांदेखत वही पेटीत टाकली. कुलूप तुम्हीच लावलंत. मग वही काय उडून गेली?"

डिसेंबर नव्वदमधला शनिवार होता, संध्याकाळचे पाच. अंबरनाथच्या आकाशमित्र मंडळाचं कार्यालय म्हणजे शाळेच्या जिन्याखालची खोली. गुरुवारी रात्री मंडळाचे बाराजण वांगणीच्या पुढे जनू नावाच्या शेतकऱ्याच्या वाडीवर गेले होते. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून गुरुवार. रात्रभर त्याच्या खळ्यात उताणं पडून उल्का मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. ज्याची वही सरस, तो पुण्याच्या अधिवेशनात निबंध वाचणार. नियम एकच, पण कडक: वही जागेवर लिहिलेली मूळच हवी, घरी उतरवलेली चालणार नाही.

मालिनी भिंतीला टेकून उभी होती. वीस वर्षांची, कॅम्प चारच्या वस्तीत द्रौपदीच्या शेजारच्याच खोलीत राहणारी. तिनं दोनशे सात उल्का मोजल्या होत्या. रात्री घराबाहेर राहायची परवानगी भावानं, किसननं, एकदाच दिली होती. पुण्याला नाव गेलं तर पुढे बघू, नाहीतर हे सगळं बंद.

"मावशी, जाऊ दे," ती पुटपुटली.

"का जाऊ दे?" द्रौपदी तिच्यावरच उखडली. वीस वर्षं ती काड्यापेटीच्या कारखान्यात चेकर होती. हजार काड्यांत एक बिनगुलाची असली तरी तिच्या नजरेतून सुटायची नाही. सुटली तर तिचाच पगार कापायचे. "रामभाऊ, पेटीची किल्ली कुणाकुणाकडे होती?"

"माझ्याकडे. काल दुपारी सुधन्वानं सगळा जुडगाच नेला होता, कपाटातल्या स्लाइड्स काढायला. त्याचा काय संबंध?" रामभाऊंनी घसा साफ केला. "खरं सांगू? पेटी स्टेशनपर्यंत जनूच्या गाडीतून आली. त्या लोकांना कागद म्हणजे चूल पेटवायला."

"कुलूप न तोडता? बारातली नेमकी एकच वही काढून?"

रामभाऊंनी उलटी पेटी सरळ केली. टेबलावर शाळेच्या हॉलमधल्या उद्याच्या कार्यक्रमाच्या पत्रिकांचा गठ्ठा होता. द्रौपदीनं वरची उचलली. 'अधिवेशनासाठी निवड: श्री. सुधन्वा पेंडसे.' गठ्ठ्यावर छापखान्याची पावती टोचलेली होती, तारीख बुधवारची. गुरुवारी रात्री उल्का मोजल्या आणि निवड बुधवारीच छापून आली! पत्रिका घडी घालून तिनं पिशवीत टाकली.

तेवढ्यात सुधन्वाच आला. तरुण इंजिनिअर, गोरा, बोलायला गोड, मंडळाचा ठरलेला वक्ता. त्याची वही द्रौपदीनं मागितली, तर त्यानं टेबलावरच्या अकरांतून ती काढून हसत पुढे केली.

वही देखणी होती. निळ्या शाईत एकशे ऐंशी नोंदी. रकाने लाल शाईनं आखलेले, मोठ्या उल्काही लाल शाईनं लिहिलेल्या, अक्षर सगळीकडे एका रेषेत. एका लाल ओळीवर तिचं बोट थांबलं: '२.२४. फार मोठी, हिरवट. शेपूट बराच वेळ टिकलं.'

"ही तिथंच लिहिली?"

"अर्थात. मूळच आहे. नियम मला ठाऊक नाही का?"

"कुठल्या उजेडात?"

"सगळ्यांसारखाच, टॉर्चला लाल जिलेटिन लावून. पांढरा उजेड केला असता तर अंधाराला सरावलेले डोळे गेले असते. रामभाऊंनी मला खाल्लंच असतं."

"उद्या ही वही घेऊन या," द्रौपदी म्हणाली. "लोकांना दाखवू."

घरी जाताना तिनं किसनलाच गाठलं. तो दारात बसून सायकलची चेन घासत होता. वही गायब झाल्यानं कुणाचं भलं होणार असेल, तर ते याचंच.

"तू घेतलीस का रे वही?"

"मी?" किसन तटकन उठला. "ताई, तिला नको म्हणायचं तर तोंडावर म्हणेन. चोरी कशाला करू? माझं घड्याळसुद्धा दिलं होतं तिला."

"चालतं का नीट?"

"एकदम. फक्त दहा मिनिटं पुढं ठेवतो. कारखान्याच्या भोंग्याच्या आधी गेटवर पोचायचं असतं ना."

"मग मालिनीनं वेळा कशा लिहिल्या?"

मालिनी आतून म्हणाली, "घड्याळात दिसलं तसंच. तिथं हिशेब करत बसलं की आकाशातलं चुकतं. घरी आल्यावर वजा करणार होते. पण वही आधीच पेटीत गेली."

द्रौपदी एवढंच म्हणाली, "उद्या दोघंही या हॉलवर."

रविवारी सकाळी पहिल्या कर्जत गाडीनं ती वांगणीला उतरली आणि वाडीवर चालत गेली. जनू गोठा झाडत होता. त्याच्यावर आळ आलाय हे कळल्यावर त्यानं झाडू खाली ठेवला.

"मी न्हाय घेतली बाय. माजी पोरगी साळंत जाते. वही काय असते ता मना ठावं हाय."

"मला माहीत आहे. त्या रात्रीचं सांगा. मोठी उल्का पडली तेव्हा काय झालं?"

"काय झालं म्हंजे? सगला उजेड पडला. रामभाऊ सायब वराडलं, 'दोन चौदा! दोन चौदा!' माजं कुत्रं भुकाया लागलं, कोंबडं पन उठलं. समदा गाव जागा."

"तुम्ही कुठे होतात?"

"शेकोटीपाशी. माजी घोंगडी त्या गोऱ्या सायबानं नेलती ना, बारा वाजता. पेंढ्याच्या पल्याड गेला, तो पहाटं घोंगडी घेऊन आला."

"माझ्याबरोबर चला," द्रौपदी म्हणाली. "आळ चारचौघांत घातलाय, तो चारचौघांतच उतरवायचा."

अकरा वाजता शाळेचा हॉल भरला होता. स्लाइड्ससाठी खिडक्यांना काळे पडदे लावले होते. किसन मागच्या रांगेत, मालिनी त्याच्या शेजारी. रामभाऊ माईकपाशी गेले, तोच द्रौपदी स्टेजच्या पायऱ्या चढून वर आली.

"दोन मिनिटं. आधी लोकांना एक प्रयोग दाखवायचाय. सुधन्वा, वही."

एवढ्या लोकांसमोर नाही म्हणणं त्याला जमलं नाही. द्रौपदीनं वही उघडून पहिल्या रांगेतल्या कौसाबाईंपुढे धरली. कौसाबाई शाळेतल्या शिपाईण, त्यांना कुणाचीच भीड नव्हती.

"काय दिसतं?"

"निळं लिवलंय, लाल लिवलंय. लाल रेघा हायत."

"पडदे ओढा. दिवे बंद." तिनं लाल जिलेटिनचा टॉर्च पानावर धरला. "आता?"

"अगं बया! लाल अक्षर गेलं. रेघाबी गेल्या."

हॉलमध्ये कुजबुज उठली. दिवे लागले. द्रौपदी माईकपाशी गेली, पण तिला माईकची गरज नव्हती.

"लाल उजेडात लाल शाई दिसत नाही. जो रात्र जागतो त्याला हे पहिल्या तासात कळतं. यांनी पन्नास उल्का लाल शाईनं लिहिल्यात, एकही अक्षर रेघेबाहेर नाही. म्हणजे ही वही खळ्यात लिहिलेली नाही, घरी दिव्याखाली लिहिलीय. ही मूळ नाही."

"ठीक आहे, कच्च्यावरून पक्कं केलं," सुधन्वा म्हणाला. त्याचा आवाज पातळ झाला होता. "कच्चं माझंच होतं."

"तुमचं? रामभाऊ, तुमच्या रजिस्टरात मोठ्या उल्केची वेळ काय आहे?"

रामभाऊंनी रजिस्टर उघडलं. "दोन चौदा. माझं घड्याळ रोज रेडिओवर लावतो."

"आणि तुम्ही ती ओरडून सांगितलीत. जनूभाऊंचं कुत्रं उठलं, कोंबडी उठली. एकटे सुधन्वा उठले नाहीत, कारण ते जनूभाऊंची घोंगडी पांघरून पेंढ्यामागे घोरत होते. जागे असते तर दोन चोवीस लिहिलं नसतं. बरोबर दहा मिनिटं पुढे! रामभाऊ, बाकीच्या दहाजणांच्या वह्या बघा. कुणाचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे?"

रामभाऊंनी वह्या चाळल्या. दोन चौदा, दोन तेरा, दोन पंधरा.

"किसन, उभा राहा. तुझ्या घड्याळात किती वाजले?"

किसननं मनगट वर केलं. "अकरा वीस."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा दहा झाले होते.

"ते घड्याळ त्या रात्री मालिनीच्या हातात होतं. तिनं दिसलं तसं लिहिलं. शुक्रवारी दुपारी सुधन्वांनी स्लाइड्सच्या नावाखाली किल्ली नेली, पेटी उघडली, तिची वही काढली, घरी बसून उतरवली आणि आपली नवी वही पेटीत ठेवली. चोरीचं आहे असं वाटू नये म्हणून सत्तावीस उल्का गाळल्या. पण दहा मिनिटं वजा करायला विसरले, कारण वजा करायची असतात हेच त्यांना माहीत नव्हतं. भोंग्याला घाबरून घड्याळ पुढे ठेवायची पाळी त्यांच्या घरी कधी आली नाही. कुठे आहे तिची वही?"

सुधन्वा खुर्चीत बसला. "नाल्यात टाकली. पुण्याला माझं नाव आधीच कळवलं होतं. मला फक्त... डोळा लागला हो. एक रात्र."

"डोळा लागला म्हणून कुणी मारलं नसतं तुम्हाला! तिची रात्र कशाला चोरलीत?" द्रौपदीनं पिशवीतून पत्रिका काढून रामभाऊंसमोर धरली. "आणि तुम्ही! बुधवारी निवड छापता आणि गुरुवारी आम्हाला थंडीत झोपवता? वही हरवली तर संशय कुणावर, तर वाडीतल्या माणसावर. किल्ली देताना हात थरथरला नाही, आळ घेताना जीभ अडखळली नाही. माफी मागा. माझी नाही, त्यांची."

जनू दारापाशी चपला हातात घेऊन उभा होता. रामभाऊंनी रजिस्टर मिटलं. मग स्टेजवरून उतरले, हॉलभर चालत गेले आणि हात जोडून म्हणाले, "चुकलो." जनूनं मान हलवली नाही.

"साळंत पन सांगा," तो म्हणाला. "माज्या पोरीच्या साळंत."

द्रौपदीनं चोरून उतरवलेली वही मालिनीच्या हातात दिली. "सत्तावीस गेल्या. बाकीच्या तुझ्याच आहेत. वाच."

मालिनी माईकपुढे उभी राहिली. मग तिनं पान उघडलं. सुधन्वाच्या अक्षरातली प्रत्येक वेळ बघायची, मनात वजा करायची आणि मोठ्यानं म्हणायची. अकरा बावन्न. अकरा सत्तावन्न. बारा चार. तीनशे माणसं ऐकत होती.

लाल ओळीशी ती थांबली. मागच्या रांगेकडे पाहिलं.

"दोन वाजून चौदा मिनिटं," ती म्हणाली. "फार मोठी, हिरवट."

किसननं मनगटावरचं घड्याळ सोडलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत चावी ओढून काटा दहा मिनिटं मागे आणला, आणि पुढच्या रांगेतून हातोहात ते घड्याळ तिच्याकडे पाठवलं.