नऊ नंबरची लूम

सकाळी सकाळी सरकारी दवाखान्यातून पोलीस ठाण्यात फोन आला. हात चिरडलेला नेपाळी शुद्धीवर आला होता.

फौजदार विनिता पोचली, तेव्हा मानबहादूर खाटेवर टक्क जागा होता. कपाळावर लालभडक, जाडजूड टिळा. नर्सला त्यानं तो पुसू दिला नव्हता.

"दशैं का, हमारे दसरे का टीका है, मॅडम. दही-चावल का. पूनम तक रहेगा." मग आवाज चढला. "केसरीनाथ सेठ की नौ नंबर लूम चलाता हूँ. सेठ बोलता है, मैं चोर हूँ."

केसरीनाथ विनिताच्या अंजूर गावचेच, नात्यानं काका. त्यांची तक्रार आधीच आली होती. तांब्याची तार चोरायला कुणी परका शिरला, मोटर चालू केली, हात पट्ट्यात गेला. ती खरी ठरली तर मानबहादूर दवाखान्यातून थेट कोठडीत जाणार होता.

यंत्रमागाच्या कारखान्यात काकांनी चहा मागवला. नऊ नंबरखालची फरशी धुऊन लख्ख होती. कामगार माना खाली घालून उभे.

"काका, त्याला ओळखता?"

"कदी बगला पन न्हाय."

"मग नऊ नंबर कोण चालवतं?"

"मीच," मुकादम प्रितम घाईनं म्हणाला.

विनिता रांगेतून फिरली. दसरा नुकताच झालेला. प्रत्येक लूमवर झेंडूची माळ, कुंकवाची बोटं. नऊ नंबरवर मात्र कुंकवाच्या जागी तांदळाचा लाल गोळा वाळला होता.

"लूमची पूजा कोण करतं?"

"ज्याची लूम त्यानं," काका म्हणाले. "बापापासूनची रीत हाय आमची."

"प्रितम, मग तू तांदूळ कशात कालवलेस?"

प्रितम गोंधळला. "कालवायचे कशाला? कुंकू लावला, बस."

"दह्यात कालवलेत ते," विनिता म्हणाली. "तोच टिळा मानबहादूरच्या कपाळावर आहे. दसऱ्याला, सगळ्यांदेखत, त्यानं आपल्या लूमला लावला. चोर आधी येऊन पूजा करतो का, काका? तुम्ही रक्त धुतलंत, फरशी धुतलीत. पूजा पुसायला मात्र हात धजला नाही. देवाला भ्यालात, माणसाला नाही."

प्रितमनं मान खाली घातली. "शेटच बोलले, तुझी लूम सांग म्हणून."

चोर तो चोर, वर शिरजोर. काका उसळले. "परक्या देशाचा तो. त्याला कसला हक्क?"

विनिताच्या अंगाचा तिळपापड झाला. "यंत्रानं हात नेला की भरपाई मालकानंच द्यायची. कायदा गाव विचारत नाही. खोट्या तक्रारीचा गुन्हा वेगळा. चला ठाण्यात."

"पट्ट्याचा झाकण कवाचा तुटलाय," मागून दौलत म्हणाला. तो आठ नंबर चालवायचा. "आमी सांगून थकलो. मी साक्ष देतो." मग दुसरा पुढे आला, मग तिसरा.

ठाण्याच्या वाटेवर काका नरमले. त्याला गावी पोचवतो, औषधपाणी करतो, फक्त प्रकरण मिटव. विनितानं तो निरोप दवाखान्यात जसाच्या तसा सांगितला.

मानबहादूर कोपराच्या आधारानं उठून बसला.

"गाँव जाऊँगा, मॅडम. पर हक लेके. मेरा बयान लिखो. और नाम के आगे पहले लिखो, कामगार."

विनितानं आधी तेच लिहिलं.