साडेदहाची भेट

मी ना डॉक्टर, ना वकील, ना नातेवाईक. मनोरुग्णालयात ठेवलेल्या माणसाला सोडायचं की नाही हे ठरवणारं एक मंडळ असतं. त्यांच्यापुढे त्या माणसाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत मांडायचं, एवढंच माझं काम. पगार हॉस्पिटलचा नाही, त्यामुळे तिथे मी कुणालाच नको असतो. चालायचंच. नियम एकच: सांगणारा सांगेल ते लिहायचं. खरं-खोटं करायला बाकीचे टपून बसलेले असतातच.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंना मी दर मंगळवारी अकराला भेटायचो. नऊ नंबरची खोली, खिडकीला जाळी, टेबल जमिनीला बोल्टने जखडलेलं. बाईंना घरी जायचं होतं. सहा वर्षांची मुलगी त्यांना विसरत चालली होती. फोनवर ती आता "कोण बोलतंय?" असं विचारायची.

दुसऱ्याच भेटीत बाई म्हणाल्या, "परत आलात? आत्ताच तर सगळं सांगितलं."

"कोणाला?"

"तुम्हालाच की, साडेदहाला. तेव्हा तुम्ही हसत नाही. नुसते लिहिता."

मी ते शब्दशः उतरवलं, वाचून दाखवलं, पानापानावर सही घेतली. गेटवरची भेटींची वही चाळावी, हे डोक्यातही आलं नाही. पुढच्या दोन मंगळवारी तेच. शेवटच्या वेळी मी खुर्चीत बसलो तर ती गरम होती. उन्हाने असेल, म्हटलं. त्या खोलीत ऊन येतच नाही, हे परतताना बसमध्ये आठवलं.

सुनावणीला मंडळाच्या अध्यक्ष डॉक्टरीणबाईंनी माझे कागद घेतलेच नाहीत.

"तुमचे आलेत सकाळीच."

अक्षर माझं होतं. पाय मोडलेला 'र'सुद्धा माझाच. सही बाईंची. मजकूर असा: मला इथे बरं वाटतं. त्या मुलीला आणू नये. मी तिला ओळखत नाही.

"हे मी लिहिलेलं नाही," मी म्हणालो. "माझ्याआधी कोणीतरी येतो. बाई पहिल्यापासून सांगताहेत."

सांगत होत्या, आणि मी लिहूनही घेत होतो. विश्वास तेवढा ठेवला नव्हता. मला स्वतःची लाज वाटली.

वही मागवली. चारही मंगळवारी साडेदहाला माझी सही.

अकराला कोणाचीच नाही.

बाईंना आणखी सहा महिने ठेवायचं ठरलं. नर्स न्यायला आली तेव्हा त्या रडल्या नाहीत. माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "यांना तरी जाऊ द्या."

मी उठलो. दाराशी शिपाई उभा होता. तो हलला नाही.

"बसा जरा," डॉक्टरीणबाई फार मऊ आवाजात म्हणाल्या. "तुमच्या बाजूने बोलायला कोणी हवंय का?"

"हो."

"ते आलेत. तुमचं म्हणणं लिहून आणलंय त्यांनी."

दाराबाहेर पायपुसण्यावर कोणीतरी सावकाश बूट पुसत होतं.