अर्धी करंगळी

मोगलाईतली गोष्ट आहे. म्हस्कूच्या तोंडून ज्यांनी ती ऐकली, ते अजूनही फोटोला बसताना आधी मागं वळून बघतात.

जालन्याला स्टेशनाजवळ रामरावांचा स्टुडिओ होता आणि म्हस्कू त्यांच्या हाताखाली होता. धनगराचा पोरगा, मेंढरं सोडून या धंद्यात आलेला. त्याचं काम ऐकाल तर घशाखाली घास उतरणार नाही. कुणी मेलं आणि जिवंतपणी त्याचा फोटो काढायचा राहून गेला असला, की रामरावांना बोलावणं यायचं. मढं खुर्चीत बसवायचं आणि म्हस्कूनं मागं काळ्या कापडाखाली दडून त्याची मान सरळ धरायची. काचेवर चित्र उमटेपर्यंत ती हलता कामा नये. म्हस्कूला खोडही अशी, की कापडाखालून तो मढ्याशी बोलायचा. लोकर कातरताना मेंढराला चुचकारावं तसं, "झालंच... झालंच आता..."

त्या फाल्गुनात हसनाबादच्या द्वारकाबाई गेल्या. त्यांचा लेक धर्मराज हात जोडून म्हणाला, "आईची मान पडू देऊ नका, भाऊ. जिती व्हती तवा कुणापुढं खाली घातली न्हाई तिनं."

म्हस्कूनं म्हातारीचे हात मांडीवर नीट ठेवले. उजवी करंगळी कधीकाळी विळ्यानं अर्धी तुटलेली होती, ती त्यानं पदराखाली झाकली. मग कापडाखाली शिरून मान धरली. "झालंच, आत्या... झालंच आता..."

घरी आल्यावर भाकरी मोडताना त्याला आपल्याच बोटांची शिसारी आली. सुटायचं, एवढंच त्याच्या मनानं घेतलं.

सुटकेची वाट एकच होती. महिन्याभरापूर्वी शिकारखात्याचे एक साहेब मारलेला लांडगा घेऊन फोटोला आले होते. त्याचीही मान म्हस्कूनंच धरली आणि न राहवून बोलून गेला, "साहेब, ह्यो जिता काढला असता तर लई देखणा दिसला असता."

साहेब खो खो हसले. "जिंदा लांडगा फोटोला थांबतो का रे? तू काढून आण. मी तुला हैदराबादला नेतो. मंग जंगलात जनावरांचे फोटोच काढत फीर, खात्याच्या खर्चानं."

म्हस्कूनं रामरावांपुढं कॅमेऱ्यासाठी हात पसरले. रामराव मनानं वाईट नव्हते, पण हिशोबी होते. "काच एकच देतो. चित्र बिघडलं तर पुन्हा माना धरायच्या, बराबर? मंग बिलकुल कुरकुर न्हाई."

हसनाबादेच्या माळावरचं एक पाणी म्हस्कूला ठाऊक होतं. बापाची मेंढरं तिथं पाजताना त्यानं लांडगे पाहिले होते. बाभळीच्या आडोशाला त्यानं कॅमेऱ्याची तिपाई रोवली आणि वाट बघत बसला. दिवस कलला. वारा पडला. चिखलाचा नि सुकलेल्या लेंड्यांचा वास तेवढा नाकात. टिटवी ओरडत होती, तीही एकाएकी गप्प झाली.

लांडगा पाण्यावर आला तेव्हा उजेड जेमतेम उरला होता. अशा उजेडात काच बराच वेळ उघडी ठेवावी लागणार आणि हा पठ्ठ्या एक घोट प्यायचा नि मान फिरवायचा. म्हस्कूनं भिंगाच्या झाकणाला हात लावला, तेवढ्यानंच लांडग्याचे कान ताठ झाले. आता उडी मारणार. संपलं सगळं...

पण लांडग्यानं उडी मारली नाही. त्याची मान हळूहळू वर आली, कॅमेऱ्याकडं वळली आणि तशीच राहिली. मिशीसुद्धा हलेना. डोळे मात्र गरगरा फिरत होते, सुटायला धडपडत होते.

आणि पाण्याच्या बाजूनं, अगदी हलक्या बायकी आवाजात आलं, "झालंच... झालंच आता..."

म्हस्कूनं झाकण काढलं आणि पुन्हा बसवलं, ते सवयीनंच. झाकण बसलं तशी लांडग्याची मान मोकळी झाली. शेपूट पायांत घालून, कुत्र्यासारखं केकाटत ते जनावर पळालं. त्याच्या मागोमाग म्हस्कूही पळाला, कॅमेरा काखोटीला मारून, उलट्या दिशेनं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली दोघं उभे होते. काच धुऊन वाळली, रामरावांनी कागदावर छाप काढली. लांडगा लख्ख आला होता. केस न् केस मोजावा असा. डोळ्यांच्या जागी तेवढे धुरकट डाग.

"म्हस्कू..." रामरावांनी छाप दिव्याजवळ धरली. "मानेमागं... हे काय आलंय रे?"

मानेवरच्या केसांतून बोटं दिसत होती. माणसाची. उजव्या हाताची करंगळी अर्धीच होती.

म्हस्कूनं वाकून ती करंगळी निरखली. मग त्यानं एवढा मोठा श्वास सोडला, की रामराव दचकले. कालपासून छातीवर बसलेला धोंडा उतरला होता. गळ्याला नख लावायला आलेलं कुणी नव्हतं. "ओळखीची हायेत, मालक," तो म्हणाला आणि डोळे पुसत हसला. "आपुन धरल्ती त्यांची मान. त्यांनी आपल्यासाठी धरली."

रामरावांनी शिसपेन्सिलीनं काचेवर चार गवताच्या काड्या ओढल्या आणि बोटं झाकून टाकली. साहेब शब्दाला जागले. मढ्यांच्या माना सुटल्या. गाडीत बसल्यावर म्हस्कूनं खिडकीतून हात बाहेर काढले आणि वाऱ्यात धरून ठेवले. कितीतरी दिवसांनी ते ऊबदार वाटले.

हैदराबादेत पहिलंच काम म्हणजे खात्यासाठी त्याचा स्वतःचा फोटो. जन्मात पहिल्यांदा तो कॅमेऱ्यापुढं बसला. तिथल्या म्हाताऱ्या फोटोग्राफरनं काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं आणि कौतुकानं म्हणाला, "वा मियां! इत्ता सीदा तो मुर्दा बी नै बैठता."

म्हस्कूला हसू आलं. लाजून मान खाली घालावी म्हणाला, तर मान खाली जाईना.