मागच्या खोलीतली म्हातारी

आग लागली तर जीव कसा वाचवायचा, हे मी ऑनलाइन शिकवतो. म्हणजे अंगठ्याखेरीज कशालाच व्यायाम नसलेल्या लोकांना. त्यांच्या सरावासाठी मी संगणकात एक आभासी घर बांधलं. नकाशा आमच्याच घराचा. या मंडळींसाठी नवा काढायचे कष्ट कोण घेणार? स्वयंपाकघरात आग लावली, पॅसेजमध्ये धूर सोडला आणि मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली एक म्हातारी ठेवली. तिचा चेहरा माझ्या आईच्या फोटोवरून घेतला. तिला बाहेर काढलं की पास.

एकानेही काढलं नाही. प्रत्येकाची पडद्यावरची बाहुली त्या खोलीपर्यंत जायची, दारातून डोकवायची आणि जीव मुठीत घेऊन पळायची. आग खोटी, धूर खोटा, यांची गाळण तेवढी खरी. तासाला मी एकेकाची बिनपाण्याने हजामत केली. तेव्हा एक दीडशहाणी म्हणाली, "सर, आजीच म्हणाल्या, जा. माझा मुलगा घरात आहे म्हणाल्या."

त्या म्हातारीला मी आवाजच दिलेला नव्हता. स्वतःचा शेळपटपणा झाकायला ही माणसं वाट्टेल ते रचतात. मी तिला शून्य गुण दिले. मग आणखी तिघांनी तेच लिहून पाठवलं. ठरवून केलेला चावटपणा, दुसरं काय!

दुपारी आईला औषध द्यायला गेलो. तिला उठता येत नाही, आणि घरात आम्ही दोघंच. पांघरूण सारखं केलं, तर त्याला धुराचा वास येत होता. स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. गॅस बंद होता.

"ही कोण माणसं पाठवतोस रे?" मी परत आल्यावर आईने विचारलं. "धुरातून येतात, बघतात आणि जातात."

मी चमच्यात औषध ओतलं.

"एक मुलगी जरा थांबली होती. मीच म्हटलं, जा बाई, माझा मुलगा आहे घरात."

मला भीती वाटली, आणि भीती वाटल्याचा रागही आला. तिला थोपटत म्हटलं, तशी वेळ आलीच तर मी तुला उचलून नेईन.

"तूही आला होतास की," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. "दारातूनच परत गेलास."

त्या आभासी घरात मी एकदाही शिरलो नव्हतो. शिकवणाऱ्याला कशाला हवा सराव?

"स्वप्न पडलं असेल तुला."

"असेल. पण त्यांच्या पायांचा आवाज होत नव्हता," आई म्हणाली. "तुझ्या चपला वाजत होत्या. जिना उतरेपर्यंत ऐकत होते मी."