गप्प बसलं की कटणारा कॉल

सलग चौथ्या संध्याकाळी शाल्मलीचा कॉल मध्येच कटला, आणि तोही नेमका जेवताना. हे कोडं तिला काही केल्या सुटेना.

तिची आई दूर हिंदी महासागरात एका जहाजावर होती. यांत्रिक मासे खोल पाण्यात सोडून ती समुद्रतळाच्या केबली दुरुस्त करायची. साताऱ्याच्या घरात शाल्मली आणि तिचे आजोबा नाना, एवढेच. मायलेकींचा एक रिवाज होता. संध्याकाळी थोडं बोलून झालं की फोन चालू ठेवायचा आणि दोघींनी एकाच वेळी, न बोलता जेवायचं. पलीकडे आईचा चमचा वाजला की इकडे शाल्मलीला घास जायचा.

गेल्या आठवड्यात जहाजावरचा जुना फोन बंद झाला. ‘महाध्वनी’ या बलाढ्य संगणक कंपनीनं इंटरनेटवरून बोलण्याची सेवा सुरू केली होती, जगभर फुकट! आता जहाजावरचे कॉल त्यावरूनच होत. सगळे खूश. शाल्मली मात्र आज ताटावरून उठलीच.

“आईच कापते. पुन्हा फोन करतही नाही. कंटाळली असेल मला!” तिला रडू फुटलं. आईला सरळ विचारावं, तर उत्तराचीच भीती वाटत होती. “उद्यापासून मी फोन घेणारच नाही.”

नानांचा उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला होता. ते म्हणाले, “थांब गं. आमच्या वेळी दोघांसाठी एक अख्खी वाट अडवून ठेवत. बोला नाहीतर गप्प बसा, वाट तुमचीच. आता तुझ्या आवाजाचे बारीक तुकडे होतात, सेकंदाला पन्नास. प्रत्येक तुकडा एका पॅकेटमध्ये (माहितीच्या छोट्या पाकिटात) बसतो. पाकिटावर पत्ता आणि क्रमांक. वाट मिळेल तशी ती धावतात, तिकडे क्रमानं लागतात, की झाला आवाज!”

“आणि गप्प बसलं तर?”

“तर पाकिटं कशाला भरा, असा या यंत्राचा हिशेब. चमच्याची खणखण त्याच्या लेखी कचरा, ती गाळून टाकतं. दोन मिनिटं बोलणं आलं नाही, की माणसं उठून गेली असं समजून कॉल कापतं.”

शाल्मलीनं डोळे पुसून आईला फोन लावला. “तू कापत नव्हतीस?”

“मी?” आई म्हणाली. “मला वाटलं, तुलाच आता माझ्याबरोबर जेवायचं नाही. चार दिवस ताट तसंच परत पाठवतेय.”

“कंपनीला मी आजच कळवतो,” नाना म्हणाले. “माणसांनीच बनवलेलं यंत्र आहे, गप्प सोबतही शिकेल. तोवर एकीनं जेवायचं, दुसरीनं बोलत राहायचं.”

“काय बोलू पण?”

“पाढे म्हण!”

शाल्मलीनं एकोणतिसाचा पाढा सुरू केला आणि आई जेवली. आईचा चमचा ऐकू येत नव्हता, ते शाल्मलीला फार लागलं. मग पाढा म्हणायची पाळी आईची आली. ती सहाव्या पायरीलाच अडखळली, आणि शाल्मली भरल्या तोंडानं हसली.

“ठेवू?” शेवटी आईनं विचारलं.

“ठेव,” शाल्मली म्हणाली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच कॉल त्यांनी स्वतः ठेवला.