सरळ दूर, जवळच्या कडेकडे

"दार ढकलायचं नाही, ओढायचं," आतून कुणीतरी म्हणालं.

"माझे दोन्ही हात गुंतलेत," ती बाहेरून म्हणाली. "तुम्हीच ढकला ना!"

खेळांच्या दुकानाचं दार उघडलं. समोर एक उंच, चष्मेवाला माणूस. त्याने तिच्या हातातला डबा अलगद घेतला, आत डोकावला आणि थबकला. "यांचे दात... कुणी रंगवलेत?"

"मी. कवळ्या बनवते मी. दातांचं काम मला नवं नाही!"

डब्यात तिच्या दादाची फौज होती, टेबलावर मांडायच्या लढाईच्या खेळातली: लांडग्यांवर बसलेले बोटभर राक्षस. सकाळी दादाच्या पाठीत उसण भरली आणि तो अंथरुणातून ओरडला, "तू जा! कुणीच खेळलं नाही तर मी स्पर्धेतून बाद!" नियम तिला ऐकून ऐकून माहीत होते. आजवर ती फक्त रंगवायची. लढाई तिने कधी केली नव्हती.

आणि नेमका तिच्या वाट्याला प्रतिस्पर्धी आला तो चष्मेवालाच. छापखान्यात मुद्रितं तपासायचा. दुकानात सगळे त्याला 'स्वल्पविराम' म्हणत, कारण नियमांच्या पुस्तकातल्या एकेका चिन्हावरून तो तासन्‌तास वाद घाली.

खेळ मात्र मजेत चालला. तिचा फासा चांगला पडला की तो मनापासून "वा!" म्हणायचा. तिला हसू यायचं... आणि हसू आलं की फौजेची चाल मोजताना हातातली मोजपट्टी हलायची.

शेवटी तिने लांडगे त्याच्या बुटक्या तिरंदाजांवर सोडले. "हल्ला!"

"माघार," तो म्हणाला.

पण माघार कुठल्या दिशेने? दोघं पुस्तकावर वाकले. 'माघार घेणारी तुकडी शत्रूपासून सरळ दूर, टेबलाच्या जवळच्या कडेकडे पळेल.' पंचाईत अशी, की सरळ दूर म्हणजे मागे, मोकळ्या मैदानात. तिरंदाज सुखरूप. आणि जवळची कड होती डावीकडे, लांडग्यांच्या अगदी तोंडाशी. तिकडे पळाले तर सगळे खलास, आणि डाव तिचा.

"कडेकडेच पळायला हवं," तो म्हणाला. "घ्या, तिरंदाज तुमचे."

ती चमकली. "म्हणजे तुम्ही हरणार?"

"नियम आहे."

"नियम आहे की मी नवखी आहे म्हणून दया?" तिचे गाल तापले. "'सरळ दूर' आधी लिहिलंय. आधीचं महत्त्वाचं!"

"नंतरचं आधीच्याचा खुलासा करतं."

"अजिबात नाही! तुमचे तिरंदाज वाचले!"

"मेले हो ते!"

आवाज ऐकून दुकानदारकाका चहाचा कप घेऊन आले. दोघांचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "आयुष्य गेलं या दुकानात. स्वतःच्या बाजूने भांडणारे खूप पाहिले. तुम्ही एकमेकांच्या बाजूने भांडताय?" त्यांनी पुस्तक वाचलं, तिच्याकडे पाहिलं. "ताई म्हणतात ते बरोबर. तिरंदाज वाचले."

पुढच्याच फेरीत त्या वाचलेल्या तिरंदाजांनी तिच्या लांडग्यांचा फडशा पाडला. दादा स्पर्धेतून बाद! तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, थोडंसं. पण हरली ती स्वतःच्या तोंडाने, कुणाच्या मेहेरबानीने जिंकली नव्हती.

ती राक्षस कापसात गुंडाळू लागली. तो मात्र तसाच उभा. हातातला फासा नुसता फिरवत...

"खरं सांगा," ती वर न बघता म्हणाली. "मला जिंकू देत होतात ना?"

"नाही. दोन्ही अर्थ निघतात, शपथ."

"मग एवढे हट्टाला का पेटलात?"

तो कानापर्यंत लाल झाला. "वाद कसाही मिटला तरी डाव संपणार होता. डाव संपला की तुम्ही डबा उचलून जाणार. पुढच्या वेळी येणार तुमचे दादा... ते छान खेळतात, पण –"

"पण?"

"पण ते तुम्ही नाहीत."

तिच्या हातातला राक्षस कापसातच राहिला. एवढ्यात फोन वाजला. दादा!

"काय झालं? जिंकलीस?"

"हरले रे दादा. सॉरी."

"अगं, कशी काय?"

"घरी आल्यावर सांगते." तिने त्या लाल कानांकडे पाहिलं. "उशीर होईल मला. जेवून घे."

फोन ठेवून तिने डब्याचं झाकण लावलं आणि डबा त्याच्या हातात दिला. "घर लांब आहे माझं. चालत जाऊ. हा तू धर."

तो जागचा हललाच नाही. "काय म्हणालात?"

"डबा धर म्हटलं."

"त्याच्या आधी."

"...तू."

"परत म्हण ना," तो म्हणाला.